दोन कपांचा फोटो

रोज सकाळी चहा गाळला की मी आधी त्याचा फोटो काढते आणि मग तो पिते. आमचे आबा म्हणतात, लोक देवाला नैवेद्य दाखवतात, तू मोबाइलला चहा दाखवतेस. म्हणू देत. तो फोटो पुण्याला जातो, आमच्या मुलीकडे. दोन कप, बशीत टोस्ट आणि कडेला कुठेतरी आबांचा हात नाहीतर कोपर. तिकडून एक लाल बदाम येतो, मग आम्ही चहाला तोंड लावतो. तोवर तो निम्मा गार झालेला असतो. त्यावरून आबा रोज कुरकुरतात, आणि ती कुरकुर फोटोत येत नाही हे बरंच आहे.

आबा म्हणजे माझे पती. सगळी इमारत त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही इथे तसंच लिहिते. त्यांनी उभा जन्म एसटी चालवली. चांदसैलीच्या घाटातली वळणं त्यांना स्वतःच्या तळहातासारखी पाठ होती. मी मराठी शाळेत शिकवायची, म्हणजे दिवसभर पुस्तकातली भाषा बोलायची आणि घरी आले की अहिराणीत भांडायची. दोघं निवृत्त झालो, नंदुरबारला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आता निवांत बसायचं असं ठरवलं. मग आबांना अर्धांगाचा झटका आला. माणूस वाचला, जीभही शाबूत राहिली, अगदी धार लावल्यासारखी राहिली, पण डावा पाय रुसला तो रुसलाच. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी सोडलेली जागा आहे, तिच्यात सायकली असतात. त्यामुळे आबा खाली उतरतात ते फक्त डॉक्टरकडे जाण्यापुरते, एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्याला, आणि प्रत्येक मजल्यावर विसावा घेत. कुणी मदतीला हात पुढे केला की असे बघतात की तो हात आपोआप खिशात जातो. ड्रायव्हर माणूस. दुसऱ्याच्या गाडीत बसले तरी यांचा पाय खाली ब्रेक शोधत असतो.

फोटोंची सुरुवात मुलीने केली. ती म्हणाली, "आई, फोनवर तू सगळं बरंच सांगतेस. फोटो पाठवत जा, त्यात दिसतं." मी म्हटलं, रोज रोज कसला फोटो काढू, इथे काय विशेष घडतं? तर म्हणाली, "विशेष नसलेलंच पाठव." हे मला फार आवडलं. माझ्या ओळखीच्या बायका पहाटेपासून सुविचार पाठवतात, गुलाबाच्या फुलावर लिहिलेले. मला सुविचारांचा भयंकर राग आहे. त्यापेक्षा भरिताची वांगी भाजतानाचा फोटो बघावा, निदान पोटात काहीतरी हलतं. तर मी पाठवू लागले: तुरीच्या शेंगा सोलून झालेला ढीग, दाढीचा साबण लावलेले आबा, रनाळ्याहून माझ्या भावाने पाठवलेली मेथी, गॅलरीतून दिसणारी समोरच्या वाड्यावरची मांजर. आणि चहा तर रोजचाच.

त्या वर्षी गणपती उठले आणि जमीन हलायला लागली. पहिला धक्का बसला तेव्हा मी पलंगावर, आडव्या झालेल्या आबांच्या डाव्या पायाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. पलंग थरथरला. मला वाटलं आबा पाय हलवताहेत, आणि क्षणभर मला आनंदच झाला, कारण तो डावा पाय होता. आबांना वाटलं मी काहीतरी आदळलं. मग मांडणीवरची ताटं एकमेकांशी बोलू लागली. आबा छताकडे बघून शांतपणे म्हणाले, "गाडी न्यूट्रलमा उभी शे." आणि खरंच तसंच वाटत होतं, जुन्या एसटीचं इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेला की आतल्या माणसांना वाटतं तसं.

खाली मात्र एकच पळापळ. सगळी इमारत रस्त्यावर उतरली. आणि उतरल्या उतरल्या सगळ्यांनी काय केलं, तर इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकायला सुरुवात केली. भिंतीच्या भेगा आल्या, त्यातल्या निम्म्या जुन्याच होत्या. सांडलेलं दूध आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने हलणाऱ्या पंख्याचा फोटो टाकला. फोटोत पंखा हलत नसतो हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, सगळ्यांनी "बाप रे" लिहिलं. आमच्या सोसायटीचे चेअरमन फार सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांना एक सवय आहे. ते काहीही पाठवलं की त्याखाली दोन जोडलेले हात टाकतात. वाढदिवस असो, पाणी येणार नसो, कुणी गेलेलं असो, हात जोडलेलेच. भेगांच्या फोटोंखालीही त्यांनी हात जोडले. मुलीला इमारतीची खबरबात कळावी म्हणून मी तिलाही त्या ग्रुपात घ्यायला लावलं होतं. तिने मला वेगळं विचारलं, "तुम्ही दोघं कुठे आहात?" मी घडी घातलेल्या कपड्यांचा फोटो पाठवला.

मग धक्क्यांची सवयच झाली. मोठा काही नसायचा, पण आठ-दहा दिवस उलटले की एखादा यायचा. नंदुरबारच्या लोकांनी त्यालाही आपल्या पद्धतीने घरात घेतलं. जो तो चहाच्या टपरीवर सांगू लागला की मला आधीच कळलं होतं. घरोघरी स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचून ठेवले गेले, पडले की समजायचं धक्का आला. आमच्याकडचे पेले समोरच्या मांजरीने एकदा येऊन पाडले, त्या दिवशी आमच्या मजल्यावरची सगळी माणसं मांजरीपायी जिने उतरून गेली.

सोसायटीची बैठक झाली. रस्त्यावर थांबायचं तर वरून काही कोसळलं तर काय, तेव्हा मोकळी जागा हवी, असं ठरलं. रस्त्यापलीकडे मोठं मैदान होतं, पावसाने हिरवंगार झालेलं, ना झाड ना तार. सगळ्यांनी एकमुखाने तेच पसंत केलं. चेअरमननी मैदानाचा फोटो टाकला, खाली हात जोडले. आता गंमत अशी की ते मैदान म्हणजे मिरचीची पथारी. दिवाळी झाली की तिथे व्यापारी ओल्या लाल मिरच्या वाळत घालतो, आणि पुढे होळी जवळ येईपर्यंत ती जमीन दिसत नाही. हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दर हिवाळ्यात त्या बाजूच्या खिडक्या आम्ही लावून घेतो. तरीही बैठकीत एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. त्यात मीही होते, आणि मी जन्मले याच जिल्ह्यात.

पण माझं लक्ष बैठकीत नव्हतंच. माझ्यापुढे प्रश्न दुसरा होता. मोकळी जागा कितीही चांगली असली तरी आबा तिथे पोचणार कसे? त्यांना जिना उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात धक्का येऊन, जाऊन, लोक परत वर येऊन जेवायलाही बसतात.

तळमजल्यावरच्या काकूंनी उपाय सुचवला. काकू तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातल्या. दोन्ही मुलगे केळीच्या व्यापारात, अंगापिंडाने दणकट. मुलगे वर आले, आमची लाकडी हाताची खुर्ची त्यांनी उचलून पाहिली, दोन्ही बाजूंनी बांबू बांधले की झालं म्हणाले. "आबा, तुम्ही फक्त बठा. आम्ही केयीना घड रोज उचलतस, तुम्ही काय जड शेत?"

आबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं. "मी काय केयीना घड शे का?" ते म्हणाले. मुलगे बिचारे खुर्ची ठेवून, तोंडं पाडून गेले. बांबू मात्र दाराशी राहिले.

मग आमचं भांडण जुंपलं. आबांचं म्हणणं एकच, "तू जाय खाले. मी आठेच बसस." मी म्हटलं, "तुमले आठे सोडीसन मी खाले जाईसन काय करू? फोटो काढू?" त्यांनी मला हट्टी म्हटलं. मी त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, शाळेत मी मुलांना ते शब्द वापरू देत नसे. शेवटी मी त्यांना घाटाची आठवण दिली. वरच्या पाड्यांवरून माणसं आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायची, आणि लांबून झोळी दिसली की हेच आबा गाडी थांबवून वाट बघायचे. प्रवासी ओरडले तरी गाडी हलवायचे नाहीत. मी विचारलं, "मंग त्या झोळीमातला लोक काय केयीना घड व्हतात का?" आबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं जिंकले. मग म्हणाले, "ते आजारी व्हतात." आणि कूस बदलली.

तर असं ठरलं, म्हणजे कुणीच ठरवलं नाही पण तसं झालं, की धक्का आला की सगळे खाली जायचे आणि आम्ही दोघं वर राहायचो. मी त्यांच्याजवळ पलंगावर बसायची आणि त्यांचा हात धरायची. मुलीला हे माहीत होतं आणि ती रोज फोनवर आमच्याशी वाद घालायची. पुण्याला चला म्हणायची. आबा म्हणायचे, पुण्यात मला ओळखतं कोण? ती रडकुंडीला यायची. मी हसण्यावारी न्यायची. पण मनात भीती होतीच. हात धरून बसले की मी छताकडे बघायची नाही, मुद्दाम खिडकीतून बाहेर बघायची.

दिवाळीनंतर एकही धक्का आला नव्हता, आणि मग आली ती मार्गशीर्षातली सकाळ. मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ मळत होते, भाकरीसाठी. एका शेगडीवर दूध, दुसरीवर तवा. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आवाज बंद करून, कारण ग्रुपच्या टिंगटिंगने आबांचं डोकं उठतं. धक्का आला तो नेहमीसारखा नव्हता. आधी घरघर आली, मग पेले खाली, मग मांडणीवरचे डबे. मी पिठाच्या हातांनी आत धावले. आबा पलंगाच्या कडेला कपाट धरून बसले होते. मी शेजारी बसून त्यांना घट्ट धरलं. "जाय ना व!" ते ओरडले. मी म्हटलं, "नही." एवढंच बोलणं झालं. मग थांबलं सगळं. आबांच्या सदऱ्यावर माझ्या पंजाचा पिठाचा ठसा उमटला होता.

स्वयंपाकघरात जाऊन मी गॅस बंद केला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं होतं. मी ते पुसत होते तेवढ्यात बाहेरून विचित्र आवाज यायला लागले. खोकला, शिंका, आरडाओरडा. आबा म्हणाले, बघ काय झालं. मी त्यांना धरून गॅलरीत आणलं.

सगळी इमारत मिरच्यांत उभी होती. ठरल्याप्रमाणे जीव मुठीत धरून सगळे मोकळ्या जागेकडे पळाले होते, आणि मोकळी जागा लालभडक होती. पायांखाली मिरच्या चिरडल्या जात होत्या, खकाणा उठला होता, आणि देठ खुडणाऱ्या बाया पदर नाकाला लावून ओरडत होत्या, "मिरचीसवर पाय नका द्या व माय!" कुणी डोळे चोळले होते आणि आता उड्या मारत होतं. चेअरमन रुमाल तोंडावर धरून वाकले होते. काकूंनी बसकण मारली होती, तीही मिरच्यांवरच. परत यावं तर इमारतीची भीती, थांबावं तर नाकाडोळ्यांतून धारा. आबा हसायला लागले. झटका आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. गॅलरीचा कठडा धरून ते गदागदा हसत होते आणि मी त्यांना पडू नये म्हणून धरून हसत होते. मला खरोखर फार बरं वाटलं. पाच-दहा मिनिटांपूर्वी मेलो की काय असं वाटत होतं, आणि आता पोट दुखत होतं.

आम्ही असे हसत होतो तेव्हा पुण्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं.

खाली कुणीतरी सवयीने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्यात सगळी इमारत आहे. सगळ्यांचे डोळे लाल, गालांवरून पाणी, कुणी कपाळाला हात लावलेला, कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं, काकू जमिनीवर बसलेल्या. मिरच्या कुठेच नीट दिसत नाहीत, माणसांच्या पायांनी झाकल्या गेल्यात. आणि त्याखाली चेअरमननी दोन हात जोडले.

आमच्या मुलीने तो फोटो मोठा करून पाहिला. एकेक चेहरा पाहिला. सगळे होते, फक्त आम्ही दोघं नव्हतो.

तिने मला फोन केला. मी दूध पुसत होते, मग गॅलरीत हसत होते. पुन्हा केला, पुन्हा केला. मग तिने काकूंना लावला. काकूंनी उचलला, पण ठसक्याने त्यांना शब्द फुटेना. नुसता घशातून आवाज. एकदा "आबा" म्हणाल्या, कारण त्यांना सांगायचं होतं की आबा वर गॅलरीत हसताहेत, आणि पुढे पुन्हा ठसका. मुलीने फोन ठेवला. चपला पायात न घालता ती खाली आली आणि पहिली दिसली त्या रिक्षात बसून बसस्टँडवर चल म्हणाली.

मी मात्र आरामात उरलेल्या दुधाचा चहा टाकला. दोन कप भरले, आबांना म्हटलं हात इकडे घ्या, आणि नेहमीसारखा फोटो काढायला मोबाइल उचलला. तिचे न उचललेले इतके फोन दिसले. वाटलं, तिलाच काही झालं की काय. घाईघाईत मी आधी फोटो पाठवला, मग फोन लावला.

तिने उचलला. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. मग तिकडून जे रडणं आलं ते मी तिच्या लहानपणीही ऐकलं नव्हतं. रिक्षावाला विचारत होता, ताई पाणी हवं का? मला अजून काही उमगलं नव्हतं, मी मूर्खासारखी म्हणाले, "अगं चहा पाठवला ना, बघितलास का?" ती ओरडली, "बघितला म्हणूनच रडतेय!" आवाज इतका मोठा होता की शेजारी बसलेल्या आबांना सगळं ऐकू आलं. त्यांनी कप खाली ठेवला. तो चहा त्यांनी प्यायलाच नाही.

ती परत घरी गेली, चपला घातल्या, आणि निघालेच आहे तर येतेच म्हणून दिवेलागणीनंतर नंदुरबारला पोचली. तोवर इमारतीत सगळ्यांना सगळं कळलं होतं. काकू जिना चढून वर आल्या, डोळे अजून सुजलेले. तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "मी रडत नव्हती व पोरी, माले ठसका लागेल व्हता." चेअरमनही आले आणि दारात उभे राहून त्यांनी खरेखुरे हात जोडले. त्यावर मुलगी पहिल्यांदा हसली. पथारीचा मालकही भला माणूस निघाला, त्याने रस्त्याकडचा एक पट्टा मिरच्यांशिवाय मोकळा सोडून दिला. चिरडलेल्या मिरच्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. खरं तर बोलायला हवं होतं, आम्ही पीठच करून ठेवलं होतं.

मुलीने रजा टाकली आणि राहिली. खुर्चीबद्दल तिने आबांना एका शब्दाने विचारलं नाही, याचं मला नवल वाटलं. सकाळी मी फोटो काढायला मोबाइल उचलायची आणि मग आठवायचं की पाठवायचा जिला तीच समोर बसून टोस्ट खाते आहे.

आणि मग एका दुपारी पुन्हा धक्का आला. जेवणं आटोपली होती. ती आबांच्या पलंगाजवळ चटईवर पुस्तक घेऊन पडली होती. पेले पडले. मी आत आले आणि तिला म्हटलं, "तू पळ खाली, आम्ही आहोत." आबाही म्हणाले, "जाय व पोरी, खाले जाय."

ती उठली. मला वाटलं निघाली. ती पलंगावर चढून आबांच्या दुसऱ्या बाजूला बसली, मी दर धक्क्याला बसते तशी, आणि त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. म्हणाली, "तुम्ही उतरत नही ना? मंग मी बी नही." पुण्याला गेल्यापासून ती आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलते. त्या दिवशी अहिराणी कुठून आली कोण जाणे.

आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. डब्याची झाकणं अजून वाजत होती. मग त्यांनी मान मागे टाकली आणि घाटात समोरून ट्रक आला की काढायचे तसा आवाज काढला, "अरे भो, खुर्ची लई या रे!"

काकूंचे मुलगे तळमजल्यावरून रस्त्यावर पोचलेसुद्धा नव्हते. दारातूनच उलटे फिरले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले. बांबू दाराशीच होते, ते त्यांनी खुर्चीला बांधले. आबा खुर्चीत बसले, मी उशी लावली, त्यांनी ती काढून फेकली. आणि आमची वरात निघाली. धक्का तोवर कधीच थांबला होता, पण ते सांगायची कुणाची हिंमत? आबांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले होते आणि तोंड अखंड चालू होतं. "वळण उनं. हयू. डावीकडे दाब." मग मागच्या मुलाला, "अरे मांगला, तू झोपी गया का?" पहिल्या मजल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, कारण समोरून एक बाई वर येत होती आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. पुढचा मुलगा हसून हसून खुर्ची सोडतो की काय असं मला वाटलं. माझा जीव भांड्यात पडला तो आम्ही रस्ता ओलांडून पट्ट्यावर टेकलो तेव्हाच.

पट्ट्यावर खुर्ची ठेवली. सगळी इमारत नाकाला रुमाल लावून भोवती उभी राहिली. आबांनी आधी आमच्या गॅलरीकडे मान वर करून पाहिलं, खालून ती किती उंच दिसते ते. मग पथारीकडे पाहिलं. मग असे काही शिंकले की देठ खुडणाऱ्या बायांनी माना वळवल्या. मुलीने तेवढ्यात फोटो काढला. ग्रुपवर टाकताच चेअरमननी मोबाइल हातात घेतला, आणि ती ओरडली, "काका, हात जोडू नका!" त्यांनी त्याऐवजी फुगे टाकले.

काही दिवसांनी ती पुण्याला गेली. धक्के अजून येतात. आम्हाला उतरायला अजून वेळच लागतो, निम्म्या वेळा आम्ही पहिल्या मजल्यावर असतानाच सगळं थांबतं. तरी आम्ही उतरतो, पट्ट्यावर जाऊन बसतो, चार शिंका देतो आणि परत येतो. वर येताना आबा काकूंच्या मुलांना चढावर गिअर कुठला टाकायचा ते सांगतात.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळला, दोन कप मांडले आणि मोबाइल धरला. आबा म्हणाले, "थांब. जरा मांगे सरक." मी सरकले. "अजून." मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकले आणि वैतागून म्हटलं, चहा गार होतोय, मग मलाच बोलाल. त्यांनी कपांकडे पाहिलं नाही. ते बाहेरच्या दाराकडे बघत होते. तिथे भिंतीला लावून खुर्ची ठेवलेली होती, बांबू बांधलेली.

"फोटोमा खुर्ची बी येऊ दे," ते म्हणाले. "तिले दिसू दे."

तेव्हापासून रोजचा फोटो तसाच असतो. पुढे दोन कप, कडेला आबांचा हात, मागे दाराशी खुर्ची. एवढं सगळं बसवायचं तर वेळ लागतो आणि चहा पार गार होतो. आबा मुकाट्याने पितात.